सोलापूरचे कोटणीस, चीनची सुई आणि आपल्याकडचं पीसीओएस

"डॉक्टर, कानात बिया चिकटवून वजन कमी होतं म्हणे. मग पीसीओडीपण जाईल ना?"

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात स्त्रियांचे आजार बघणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला हा प्रश्न आता नवा नाही. विचारणारी मुलगी साधारण विशी-तिशीतली असते. पाळी दोन-तीन महिन्यांनी येते, हनुवटीवर केस, लग्नानंतर किंवा नोकरी लागल्यावर दहा-बारा किलो वजन वाढलेलं. सकाळी सातची लोकल, रात्री साडेनऊला घर आणि दहाला जेवण. गोळ्या घेऊन कंटाळा आलेला असतो. अशात स्टेशनजवळचा एखादा बोर्ड दिसतो, 'बिना औषध, बिना साइड इफेक्ट'. तिथे जावंसं वाटलं तर त्यात वेडेपणा काही नाही.

प्रश्नाचं उत्तर दोन ओळींत देता येईल. पण ही सुई आपल्यापर्यंत कशी पोचली आणि हा आजार तरी कधी ओळखला गेला, हे कळलं तर उत्तर जास्त पटेल. म्हणून आज थोडा इतिहास.

आधी आजाराबद्दल. १७२१ साली इटलीतल्या वालिस्नेरी नावाच्या वैद्यकाच्या अभ्यासकाने एका तरुण, विवाहित, काहीशा स्थूल आणि मूल न झालेल्या शेतकरी स्त्रीच्या बीजकोशांचं वर्णन लिहून ठेवलं. नेहमीपेक्षा मोठे, उंचसखल, पांढुरके, कबुतराच्या अंड्यांसारखे. आज सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये आपण जे वाचतो त्याचं हे बहुधा सर्वांत जुनं वर्णन. त्यात स्थूलपणा, वंध्यत्व आणि मोठे बीजकोश हे तिन्ही धागे एकत्र आहेत, हे लक्षात घ्या.

चीनमध्ये तर त्याही आधी, चौदाव्या शतकात, चू तान-शी या प्रसिद्ध वैद्याने लठ्ठ स्त्रीला गर्भ का राहत नाही याचं कारण दिलं होतं. शरीरातली चरबी उतू जाऊन गर्भाशयाची वाट बंद करते, असं त्याचं म्हणणं. शरीरशास्त्र म्हणून ते चुकीचं आहे, गर्भाशयात चरबी साचत नाही. पण निरीक्षण किती नेमकं! आपल्याकडे चरकानेही अतिस्थूल माणसाचं वर्णन करताना अतिभूक, अतितहान आणि कामजीवनातली अडचण यांची एकत्र नोंद केली आहे. जुन्या वैद्यांची नजर कमी नव्हती. त्यांच्याकडे मोजायची साधनं नव्हती, इतकंच.

आणि गंमत म्हणजे चू तान-शीच्या परंपरेत या तक्रारीवर मुख्य भर होता तो काढ्यांवर. आज 'पाच हजार वर्षांपूर्वीचा पीसीओएसवरचा चिनी उपचार' अशी जाहिरात कुणी केली तर ती ऐकून सोडून द्यावी. पाच हजार वर्षांपूर्वी पीसीओएस हे नावच नव्हतं. आजार म्हणून त्याची नीट नोंद व्हायला १९३५ उजाडलं. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथाल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांची हकिगत प्रसिद्ध केली. पाळी अनियमित, अंगावर केस, बीजकोश मोठे. त्यांनी पोट उघडून बीजकोशाची एक फाक कापून काढली आणि सातही जणींची पाळी पुन्हा सुरू झाली. दोघींना दिवस गेले. त्यावरून पुढची कित्येक वर्षं पीसीओएस म्हणजे बीजकोशाचा आजार, असंच डॉक्टरही समजत राहिले. १९८० मध्ये या स्त्रियांच्या रक्तात इन्सुलिन जास्त असतं हे दिसून आलं, तेव्हा खरा प्रकाश पडला. इन्सुलिन शरीरात नीट काम करत नाही, म्हणून स्वादुपिंड ते जास्त बनवतं, ते जादा इन्सुलिन बीजकोशाला पुरुषी संप्रेरकं बनवायला उद्युक्त करतं, आणि बीज पिकून बाहेर पडायचं थांबतं. पोटावरची चरबी या चक्राला गती देते. म्हणजे आजार दिसतो बीजकोशात, पण त्याची एक मोठी मुळी आहे साखर आणि चरबीच्या हिशोबात.

आता सुईकडे वळू.

१९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केलं. चिनी सेनापती चू तेह यांनी नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक १९३८ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईहून बोटीने रवाना केलं. प्रमुख अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बिजोयकुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी, आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. पाचांतले दोघे आजच्या महाराष्ट्रातले. कोटणीस परळच्या शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेले, वय अठ्ठावीससुद्धा पूर्ण नव्हतं.

बाकीचे एकेक करून परतले, कोटणीस राहिले. आघाडीच्या मागे गावोगावी हलणाऱ्या रुग्णालयांत त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, चिनी भाषा शिकले, १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी गुओ चिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. ९ डिसेंबर १९४२ ला फेफऱ्याच्या झटक्यांनी त्यांचा मृत्यू झाला. वय ३२, मुलगा जेमतेम काही महिन्यांचा. १९४६ मध्ये व्ही. शांतारामांनी त्यांच्यावर चित्रपट काढला आणि स्वतःच कोटणीसांची भूमिका केली. आजी-आजोबांच्या पिढीला हे नाव त्यामुळे घरचं वाटायचं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कोटणीसांनी अॅक्युपंक्चर भारतात आणलं, असं अनेक ठिकाणी ऐकू येतं. ते सर्जन होते, सुयांचे वैद्य नव्हते. ज्या क्रांतिकारक सैन्यात ते काम करत होते तिथेसुद्धा अॅक्युपंक्चरला मानाचं पान मिळालं ते त्यांच्या मृत्यूनंतर. येनानच्या शांतता रुग्णालयात त्याचा विभाग सुरू झाला १९४५ मध्ये. त्याआधीच्या शतकभरात खुद्द चीनमध्ये या विद्येची अवस्था फारशी चांगली नव्हती. १८२२ मध्ये सम्राटाने राजवैद्यांच्या संस्थेतून ती काढून टाकली होती, आणि १९२९ मध्ये तिथल्या सरकारने सगळ्याच पारंपरिक वैद्यकावर बंदी आणण्याचा घाट घातला होता. ती पुन्हा उभी राहिली याचं मोठं कारण व्यवहारी होतं. डॉक्टर कमी, औषधं त्याहून कमी, माणसं मात्र कोट्यवधी. सुई स्वस्त, आणि शिकवायला सोपी.

भारतात ती आणली कोटणीसांच्या सोबत्याने. डॉ. बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, तिथे रीतसर अॅक्युपंक्चर शिकले आणि १९५९ पासून कलकत्त्यात त्याने उपचार करू लागले. पुढे १९७० च्या दशकात कोटणीस स्मारक समितीच्या नावाने या उपचारांचा आणि शिक्षणाचा प्रसार झाला. लुधियानात कोटणीसांच्याच नावाचं अॅक्युपंक्चर रुग्णालय उभं राहिलं. सोलापूरच्या सर्जनचं नाव पंजाबातल्या सुयांना लागलं ते असं, मैत्रीपोटी.

याच काळात जगभर या सुईचा गाजावाजा झाला. जुलै १९७१ मध्ये जेम्स रेस्टन हा अमेरिकी पत्रकार बीजिंगमध्ये असताना त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. नंतर पोट फुगून अस्वस्थ वाटत होतं म्हणून त्याला सुया टोचल्या, आराम पडला, आणि त्याने ते न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं. लोकांनी मात्र लक्षात ठेवलं ते 'सुया टोचून, भूल न देता ऑपरेशन'. प्रत्यक्षात त्याला नेहमीचं भुलीचं इंजेक्शनच दिलेलं होतं! बातमी तोंडातोंडी जाताना कशी बदलते याचं इतकं चांगलं उदाहरण क्वचित सापडेल.

आणि त्या कानातल्या बिया? त्या तर प्राचीन चिनी म्हणाव्यात अशाही नाहीत. कानावर संपूर्ण शरीराचा नकाशा असतो, उलट्या झोपलेल्या बाळासारखा, ही कल्पना १९५० च्या दशकात फ्रान्समधल्या लिओं शहराच्या पॉल नोजिए या डॉक्टरने मांडली. ती चीनने उचलली, वाढवली आणि जगाला परत दिली. भुकेचा बिंदू, पोटाचा बिंदू हे या आधुनिक नकाशातले. आपल्याकडे याला लगेच कान टोचण्याशी जोडलं जातं. 'आपल्या पूर्वजांना अॅक्युपंक्चर माहीत होतं, म्हणून तर बारशाला कान टोचतात आणि डाव्या नाकपुडीत नथ' असा मेसेज तुमच्याही फोनवर आला असेल. सुश्रुताने बाळाचे कान टोचण्याचं कारण सांगितलं आहे ते रक्षण आणि दागिना, एवढंच. नथीने बाळंतपण सोपं होतं याला कसलाही आधार नाही. नथ छान दिसते, तेवढं कारण पुरे आहे.

पीसीओएससाठी सुयांचा शास्त्रीय अभ्यास चीनबाहेरही झाला. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या एलिझाबेत स्टेनर-व्हिक्टोरिन यांनी २००० च्या सुमारास पोटाच्या आणि पायाच्या स्नायूंत सुया घालून त्यांतून अगदी सौम्य, सेकंदाला दोन ठोके असा विजेचा प्रवाह द्यायला सुरुवात केली. कल्पना तर्कशुद्ध होती. पीसीओएसमध्ये शरीराला कायम सावध ठेवणारी मज्जासंस्था जास्त चेतलेली असते. स्नायूंना असा ठोका दिला तर व्यायामासारखाच परिणाम होऊन ती शांत होईल आणि बीजकोशावरचा ताण उतरेल. उंदरांमध्ये आणि थोड्या स्त्रियांमध्ये निकाल आशादायक आले. पाळी जास्त वेळा आली, पुरुषी संप्रेरकं थोडी कमी झाली. लठ्ठ पीसीओएस रुग्णांवर चीनच्या ग्वांगझोमध्ये ८६ स्त्रियांचा एक अभ्यास झाला. एका गटाला पोटावरचं अॅक्युपंक्चर, दुसऱ्याला मेटफॉर्मिन. दोन्ही गटांत वजन आणि कंबर कमी झाली. वाचायला फार छान. पण त्यात खोट्या सुयांचा गट नव्हता, आणि आपण कुठला उपचार घेतोय हे प्रत्येकीला माहीत होतं.

खोट्या सुया म्हणजे काय, हे समजून घेणं इथे महत्त्वाचं आहे. औषधाची परीक्षा करताना निम्म्या लोकांना साखरेची गोळी देतात. सुयांची परीक्षा करताना काहींना भलत्याच ठिकाणी, वरवर सुया टोचतात आणि यंत्राच्या वायरी जोडूनही करंट देत नाहीत. आपल्याला खरं मिळतंय की खोटं, हे रुग्णाला कळत नाही.

अशी मोठी परीक्षा चीननेच घेतली, आणि त्याबद्दल त्यांचं कौतुक करायला हवं. २०१२ ते २०१४ दरम्यान २१ रुग्णालयांत पीसीओएस असलेल्या आणि मूल हव्या असलेल्या १००० स्त्रियांचे चार गट केले. आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, जास्तीत जास्त चार पाळीचक्रं. काहींना खऱ्या सुया, काहींना खांद्यावर आणि दंडावर खोट्या सुया, आणि सोबत बीज पिकवणारी क्लोमिफीन गोळी किंवा तशीच दिसणारी खोटी गोळी. २०१७ मध्ये निकाल छापून आला. खरी सुई आणि खरी गोळी घेणाऱ्यांत २९.४ टक्के स्त्रियांना मूल झालं. खोटी सुई आणि खरी गोळी, २८ टक्के. खरी सुई पण खोटी गोळी, १३.९ टक्के. दोन्ही खोटं, १६.८ टक्के.

आकडे परत एकदा वाचा. फरक पाडला तो गोळीने. खरी सुई आणि खोटी सुई यांत म्हणण्यासारखा फरक नाही.

मला मात्र शेवटचा आकडा सर्वांत बोलका वाटतो. काहीच खरं न मिळालेल्या बायकांपैकी साधारण सहातल्या एकीला मूल झालं! पीसीओएसमध्ये बीज कधीच सुटत नाही असं नसतं, ते अधूनमधून सुटतं. आता समजा डोंबिवलीतल्या एखाद्या केंद्रात वर्षभरात अशा साठ जणी गेल्या. त्यांतल्या दहा जणींकडे पेढे येणार, सुईने काही केलं असो वा नसो. त्या दहा जणी मनापासून सांगणार, "मला तिथेच गुण आला." त्या खोटं बोलत नसतात. उरलेल्या पन्नास जणी काही बोलत नाहीत, पुढच्या दवाखान्यात जातात, एवढंच. हाच न्याय आम्हा डॉक्टरांनाही लागू आहे बरं का. आमच्याही भिंतीवरच्या बाळांच्या फोटोंत काही आपोआप आलेली असणार.

या अभ्यासातल्या स्त्रियांचा बीएमआय सरासरी २४ च्या आसपास होता, म्हणजे त्या फार लठ्ठ नव्हत्या. मग लठ्ठ स्त्रियांना, इन्सुलिनच्या बिघाडासाठी तरी सुईचा उपयोग होत असेल का? तेही तपासून झालं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३४२ स्त्रियांवरच्या चिनी अभ्यासात इन्सुलिनच्या मापावर खरी सुई खोट्या सुईपेक्षा सरस ठरली नाही. काही बाजूच्या मापांत थोडा फरक दिसला, संशोधन संपलेलं नाही. पण 'सुयांनी पीसीओएस मुळापासून बरा' या वाक्याला आज कुठलाही आधार नाही, हे स्पष्ट सांगतो.

आता आपल्या मातीकडे. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने १५ ते २४ वर्षांच्या मुलींचा अभ्यास केला होता. एका निकषाने २२.५ टक्के, दुसऱ्या कडक निकषाने १०.७ टक्के मुलींना पीसीओएस निघालं. कुठलाही निकष घ्या, एका वर्गात दोन-चार मुली निघतातच. आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये एक गमतीदार फोटो प्रसिद्ध केला. ते स्वतः आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉ. युडकिन, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण इंग्रजाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकराच्या अंगात २१.२ टक्के! दिसायला बारीक, आतून चरबी. म्हणून आपल्याकडे २३ च्या वर जादा वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, आणि बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी असं सांगतात. 'मी कुठे जाड आहे' म्हणणाऱ्या मुलीलाही म्हणून टेप लावून बघावी लागते.

दिलासा असा की फार बारीक व्हायची गरज नसते. ७० किलो वजनाच्या मुलीने साडेतीन ते सात किलो उतरवले तरी अनेकींची पाळी पुन्हा नियमित होते. सुया घेणाऱ्या काही जणींचं वजन खरंच उतरतं, कारण त्या केंद्रात सोबत आहाराचा तक्ता मिळतो, दर आठवड्याला कुणीतरी वजन करतं, विचारपूस करतं. तो लक्ष देण्याचा परिणाम आहे, आणि तो कमी लेखू नये. अर्ध्या तासाची शांत पडून विश्रांती तर कल्याण लोकलने जाणाऱ्या बाईला दुसरीकडे कुठे मिळणार?

धोका सुईत फारसा नाही. त्या मोठ्या अभ्यासात खऱ्या सुया घेतलेल्यांत ७.४ टक्के जणींना काळे-निळे डाग पडले, ५ टक्के जणींना जुलाब झाले, तेवढंच. धोका आहे तो वेळ जाण्यात. पाळी तीन-तीन महिने आली नाही तर गर्भाशयाचं अस्तर वाढत राहतं, आणि वर्षानुवर्षं असंच राहिलं तर त्यातून कर्करोगापर्यंत गोष्ट जाऊ शकते. सुया सुरू आहेत म्हणून पाळी आणणाऱ्या गोळ्या बंद, साखरेची तपासणी नाही, आणि सदतिसाव्या वर्षी मूल हवं म्हणून आलेली बाई, हे दृश्य मी पुन्हा पुन्हा बघतो. त्यात पॅकेजचे पैसे गेले हे नुकसान सगळ्यात लहान.

कल्याण म्हटलं की मला आनंदीबाई जोशी आठवतात. माहेर कल्याणचं, १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या, प्रबंधाचा विषय होता आपल्याकडचं प्राचीन प्रसूतिशास्त्र. परंपरा बाजूला न टाकता तिच्याकडे डॉक्टरच्या नजरेने बघता येतं, हे त्या वेळी वीस वर्षांच्या मुलीला जमलं होतं.

शेवटी, ज्यांना तरीही सुया घ्यायच्याच आहेत त्यांच्यासाठी. मी अडवत नाही. पश्चिम बंगालने १९९६ मध्ये आणि महाराष्ट्राने २०१५ मध्ये अॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा केला. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. ही मान्यता उपचार करणाऱ्याच्या शिक्षणाची आणि नोंदणीची आहे, प्रत्येक आजारावर गुण येतो असा तिचा अर्थ नाही. तेव्हा महाराष्ट्र अॅक्युपंक्चर परिषदेकडची नोंदणी विचारा. सुई तुमच्यासमोर नव्या पाकिटातून काढलेली आणि नंतर फेकून दिलेली बघा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा दिवस गेल्याची शंका असेल तर आधी सांगा. मेटफॉर्मिन किंवा पाळीच्या गोळ्या त्यांच्या सांगण्यावरून बंद करू नका. पाळीच्या तारखा फोनमध्ये लिहून ठेवा, आणि नव्वद दिवस उलटले की सुया चालू असोत वा नसोत, तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि मूल नको असेल तर एक लक्षात ठेवा. पाळी येत नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत, असं पीसीओएसमध्ये कधीही धरून चालू नये.